फ्रँक मोराएस : आशियाचा साक्षीदार पत्रकार

काळाचौकीहून पूर्वेकडे निघाले की थोड्याच वेळात हार्बर मार्गावरील कॉटन ग्रीन स्थानक लागते. स्थानकाजवळ कापूस बाजाराची भव्य जुनी इमारत उभी आहे. गिरणगावाच्या भरभराटीच्या काळात ह्या बाजारातील भावावर आपल्या परिसरातील कितीतरी चुलींचे भवितव्य ठरत असे. ह्या बाजाराला शिस्त लावणाऱ्या ईस्ट इंडिया कॉटन असोसिएशनचे अध्यक्षपद सर पुरुषोत्तमदास ठाकूरदास यांनी दीर्घकाळ भूषविले. त्यांचे इंग्रजी चरित्र १९५७ साली प्रसिद्ध झाले. ते लिहिणारा लेखक मूळच्या गोव्याच्या कॅथलिक कुटुंबातील, पण मुंबईत जन्मलेला होता.

कॉटन ग्रीनहून उत्तरेकडे काही अंतरावर शिवडीची ख्रिस्ती दफनभूमी आहे. दरवर्षी २ नोव्हेंबरला, सर्व मृतांच्या स्मरणदिनी, आपल्यापैकी अनेक जण तेथे मेणबत्त्या आणि फुले घेऊन जातात. त्याच दफनभूमीत ह्या लेखकाचा पुत्र, सुप्रसिद्ध इंग्रजी कवी डॉम मोराएस, २००४ सालापासून चिरनिद्रा घेत आहे. पुत्राचे नाव अनेकांना ठाऊक असते. पित्याचे नाव मात्र नव्या पिढीच्या विस्मरणात गेले आहे. ते पिता म्हणजे फ्रँक मोराएस. युद्धवार्ताहर, संपादक, ग्रंथकार आणि आशिया खंडातील घडामोडींचा डोळस अभ्यासक म्हणून त्यांनी जी सेवा केली, तिचे स्मरण करण्याचा हा अल्प प्रयत्न आहे.

बालपण आणि शिक्षण

फ्रान्सिस रॉबर्ट मोराएस यांचा जन्म १२ नोव्हेंबर १९०७ रोजी मुंबईत झाला. त्या काळी गोव्याहून पोटापाण्यासाठी आलेल्या कॅथलिकांची मोठी वस्ती धोबीतलाव, माझगाव, भायखळा ह्या भागांत होती. बोटीवर काम करणारे तारवटी कुडांमध्ये राहत. कोणी आचारी होते, कोणी बँडवादक, कोणी कारकून. शिकलेल्या कुटुंबांतील मुले डॉक्टर, वकील वा शिक्षक होत. पत्रकारिता हा तेव्हा प्रतिष्ठेचा व्यवसाय मानला जात नव्हता. विशेषतः इंग्रजी दैनिकांतील वरच्या जागा इंग्रजांसाठीच राखून ठेवलेल्या असत.

फ्रँक यांनी धोबीतलावच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयात शिक्षण घेतले. येशूसंघीय धर्मगुरूंनी १८६९ साली स्थापन केलेल्या ह्या संस्थेने मुंबईला अनेक विचारवंत दिले आहेत. पुढे ते इंग्लंडला गेले. ऑक्सफर्ड विद्यापीठात त्यांनी इतिहासाचा अभ्यास केला आणि लिंकन्स इनमधून ते बॅरिस्टर झाले. ऑक्सफर्डमधील भारतीय विद्यार्थ्यांच्या 'मजलिस' ह्या मंडळाचे अध्यक्षपदही त्यांच्याकडे आले होते. स्वातंत्र्याच्या प्रश्नावर तेथे जोरदार वादविवाद रंगत. आपले मत ठामपणे मांडावे आणि विरोधकाचे म्हणणेही कान देऊन ऐकावे, हा संस्कार त्यांना अशाच वातावरणात मिळाला असावा.

१९३४ साली मायदेशी परतल्यावर बॅरिस्टर मोराएस यांना वकिलीची वाट मोकळी होती. परंतु त्यांचे मन वृत्तपत्रांकडे ओढले गेले आणि काही काळाने ते 'टाइम्स ऑफ इंडिया'त दाखल झाले. बोरीबंदर समोरच्या त्या इमारतीत तेव्हा इंग्रज संपादकांचे राज्य होते.

युद्धभूमीवरील वार्ताहर

डिसेंबर १९४१ मध्ये जपानने युद्धात उडी घेतली आणि पाहता पाहता महायुद्ध भारताच्या दाराशी येऊन ठेपले. मार्च १९४२ मध्ये रंगून पडले. ब्रह्मदेशात स्थायिक झालेले लाखो भारतीय आपला संसार पाठीवर घेऊन जंगलांतून आणि डोंगरांतून पायी भारताकडे निघाले. वाटेत उपासमारीने आणि रोगराईने हजारो लोक मृत्युमुखी पडले. अशा वेळी फ्रँक मोराएस यांनी 'टाइम्स ऑफ इंडिया'चे युद्धवार्ताहर म्हणून जबाबदारी स्वीकारली. १९४२ ते १९४५ ह्या काळात त्यांनी ब्रह्मदेश आणि चीन येथील आघाड्यांचे वार्तांकन केले.

आज एका क्षणात जगाच्या कोणत्याही टोकाहून चित्रासह बातमी येते. त्या काळी युद्धवार्ताहराचे काम किती कठीण होते, याची कल्पना करणेही अवघड आहे. जीप, मालवाहू विमान किंवा पायी, मिळेल त्या मार्गाने आघाडीजवळ पोहोचावयाचे, पाहिले-ऐकले ते टिपून घ्यावयाचे आणि तारेने पाठवावयाचे. तार पाठविण्यापूर्वी मजकूर लष्करी परिनिरीक्षकाच्या हातून जात असे. शत्रूला उपयोगी पडेल असा तपशील तो छाटीत असे. कधी कधी राज्यकर्त्यांना अडचणीचे वाटेल असे सत्यही त्याच कात्रीत सापडे.

ह्या कात्रीचा अनुभव आपल्या परिसरालाही आला होता. १४ एप्रिल १९४४ रोजी व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकीन' ह्या जहाजाचा महाभयंकर स्फोट झाला. जहाजावर सुमारे १,४०० टन स्फोटके होती आणि त्यांच्याबरोबर कापसाच्या गाठीही होत्या. शेकडो माणसे प्राणास मुकली आणि हजारो कुटुंबे बेघर झाली. स्फोटाचा आवाज साऱ्या मुंबईने ऐकला. तरीही त्याचा तपशील जगाला प्रथम कळला तो जपानच्या ताब्यातील सायगाव रेडिओवरून. आपल्याकडील वार्ताहरांना त्याविषयी वृत्त पाठविण्याची मुभा मिळाली ती मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात. ज्यांची घरे जळाली त्यांना आपल्याच दुःखाची बातमी आपल्या वृत्तपत्रात वाचावयास मिळत नव्हती. अशा काळात वार्ताहराने काय लिहावे, किती लिहावे आणि कोणासाठी लिहावे, हे प्रश्न त्याच्या सदसद्विवेकबुद्धीला भिडणारे असतात.

ब्रह्मदेशाच्या आघाडीवर लढणाऱ्या चौदाव्या सेनेत भारतीय सैनिकांची संख्या फार मोठी होती. त्यांत आपले मराठी जवानही होते. मार्च १९४४ मध्ये मणिपूरच्या डोंगरांतील सांगशाक येथे मराठा लाइट इन्फंट्रीच्या चौथ्या बटालियनने जपानी सैन्याशी झुंज दिली. कोकणातील आणि घाटावरील ज्या घरांतून हे तरुण गेले, त्याच घरांतील भाऊबंद परळ-लालबागच्या गिरण्यांत राबत होते. दूरच्या आघाडीची बातमी त्यांच्यासाठी घरचीच बातमी होती. फ्रँक मोराएस यांच्यासारख्या भारतीय वार्ताहराचे महत्त्व येथे ध्यानात येते. इंग्रजी दैनिकाच्या पानांवर आशियातील युद्ध आशियाई माणसाच्या नजरेने पाहिले जाऊ लागले.

श्रीलंकेतील वर्षे

युद्ध संपल्यावर १९४६ मध्ये फ्रँक मोराएस कोलंबोला गेले आणि 'टाइम्स ऑफ सिलोन' ह्या वृत्तपत्राचे संपादक झाले. १९४९ पर्यंत त्यांनी तेथील जीवन जवळून पाहिले. गोव्याच्या मातीतील एका थोर पुत्राने, संत जोसेफ वाझ यांनी, सतराव्या शतकाच्या अखेरीस त्याच बेटावर जाऊन छळ सोसणाऱ्या कॅथलिकांना धीर दिला होता. १४ जानेवारी २०१५ रोजी पोप फ्रान्सिस यांनी कोलंबो येथे त्यांना संत म्हणून घोषित केले, हे वाचकांना स्मरत असेल. मोराएस यांचे कार्य वेगळ्या क्षेत्रातले होते, पण गोव्याचे आणि श्रीलंकेचे नाते किती जुने आहे हे यावरून दिसते.

४ फेब्रुवारी १९४८ रोजी श्रीलंका स्वतंत्र झाली. स्वातंत्र्याचा आनंद ताजा असतानाच त्याच वर्षीच्या नागरिकत्व कायद्याने चहामळ्यांत राबणारे लाखो भारतीय वंशाचे तमिळ मजूर नागरिकत्वाविना राहिले. एक देश स्वतंत्र होतो आणि त्याच देशात पिढ्यान्‌पिढ्या घाम गाळणारा माणूस परका ठरतो, हे चित्र तेथे राहणाऱ्या भारतीय संपादकाच्या डोळ्यांपुढे घडत होते. परकीय सत्ता जाणे ही स्वातंत्र्याची केवळ पहिली पायरी आहे. दुर्बलांना न्याय मिळतो की नाही, ही त्याची खरी कसोटी. आशियातील नवस्वतंत्र देशांविषयी मोराएस यांनी पुढे जे लेखन केले, त्यात ही कसोटी वारंवार लावलेली दिसते.

मुंबईतील संपादक आणि चीनचा प्रवास

मुंबईस परतल्यावर १९५० साली फ्रँक मोराएस 'टाइम्स ऑफ इंडिया'चे संपादक झाले. १८३८ साली सुरू झालेल्या ह्या दैनिकाच्या संपादकपदावर बसणारे ते पहिले भारतीय होत. मुंबईच्या कॅथलिक समाजाच्या दृष्टीने ही अभिमानाची घटना होती. परंतु अधिक महत्त्वाची गोष्ट अशी, की त्या खुर्चीवर बसल्यावरही त्यांच्यातील वार्ताहर निवृत्त झाला नाही. संपादकाने कार्यालयात बसून केवळ अग्रलेख लिहावेत, हे त्यांना मान्य नव्हते. जे लिहावयाचे ते शक्य तेथे स्वतः जाऊन पाहावे, अशी त्यांची रीत होती.

१९५२ साली श्रीमती विजयालक्ष्मी पंडित यांच्या नेतृत्वाखाली एक भारतीय सांस्कृतिक शिष्टमंडळ साम्यवादी चीनच्या दौऱ्यावर गेले. त्यात मोराएस यांचा समावेश होता. ज्या चीनच्या उंबरठ्यावर, सान्शियन बेटावर, संत फ्रान्सिस झेवियर यांनी १५५२ साली देह ठेवला, त्या चीनमध्ये बरोबर चारशे वर्षांनी हा मुंबईचा फ्रान्सिस पोहोचला. आठ-नऊ वर्षांपूर्वी त्यांनी च्यांग कै-शेक यांचा युद्धग्रस्त चीन पाहिला होता. आता माओ त्से-तुंग यांचा चीन त्यांच्यासमोर होता.

तो काळ भारत-चीन मैत्रीच्या उत्साहाचा होता. पाहुण्यांना कारखाने, शाळा, शिस्तबद्ध संचलने दाखविली जात आणि अनेक जण भारावून परतत. मोराएस यांनी १९५३ मध्ये माओंच्या चीनविषयी एक ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात चिनी जनतेच्या परिश्रमांची आणि नव्या राजवटीच्या कार्यशक्तीची त्यांनी दखल घेतली. मात्र त्या शिस्तीखाली दडपले जाणारे व्यक्तिस्वातंत्र्य आणि एकाच साच्यात घातली जाणारी मने यांकडेही त्यांनी निर्भीडपणे बोट दाखविले. बहुसंख्य लोक स्तुतिसुमने उधळीत असताना असे लिहिणे सोपे नव्हते.

कॅथलिक वाचकांना ह्या ग्रंथाचे मोल विशेष जाणवेल. १९५१ साली पोपमहोदयांचे प्रतिनिधी आर्चबिशप अँतोनियो रिबेरी यांना चीनमधून हाकलून देण्यात आले होते. परदेशी मिशनऱ्यांची हकालपट्टी चालू होती. पुढे ८ सप्टेंबर १९५५ रोजी शांघायचे बिशप इग्नेशियस कुंग यांना अटक झाली आणि तीस वर्षे त्यांना बंदिवासात काढावी लागली. राजसत्ता माणसाच्या अंतःकरणावर हक्क सांगू लागली की प्रथम बातमी बंद होते आणि मग प्रार्थना. मोराएस यांनी हा धोका पत्रकाराच्या नजरेने वेळीच ओळखला होता.

तिबेट, आफ्रिका आणि निर्भीड लेखणी

१९५७ मध्ये मोराएस रामनाथ गोएंका यांच्या 'इंडियन एक्स्प्रेस'चे प्रमुख संपादक झाले. १९७२ पर्यंत ते ह्या पदावर होते. तत्पूर्वी १९५६ साली त्यांनी लिहिलेले पंडित जवाहरलाल नेहरू यांचे चरित्र प्रसिद्ध झाले होते. नेहरूंविषयी त्यांना मनस्वी आदर होता. तथापि आदर म्हणजे अंधभक्ती नव्हे, हे त्यांनी आपल्या लेखनातून सिद्ध केले. नेहरूंच्या चीनविषयक धोरणावर त्यांनी सातत्याने टीका केली.

मार्च १९५९ मध्ये ल्हासात उठाव झाला. दलाई लामांनी १७ मार्चच्या रात्री राजधानी सोडली आणि ३१ मार्च रोजी भारताच्या हद्दीत पाऊल ठेवले. त्यांच्यामागोमाग हजारो तिबेटी निर्वासित हिमालय ओलांडून आले. ह्या घटनांवर मोराएस यांनी १९६० साली एक स्वतंत्र ग्रंथ लिहिला. एका छोट्या, धर्मनिष्ठ समाजाची मुस्कटदाबी होत असताना आशियाने गप्प बसावे काय, हा त्यामागील प्रश्न होता. २० ऑक्टोबर १९६२ रोजी चिनी सैन्याने भारतावर आक्रमण केले तेव्हा ह्या इशाऱ्यांचा अर्थ सर्वांना उमगला. पण तोवर उशीर झाला होता. इशारा देणाऱ्याला अशा वेळी समाधान कसले वाटणार? आपल्या देशाच्या जखमेवर कोणाही सज्जनाला आपल्या दूरदृष्टीचा मोठेपणा मिरवावासा वाटत नाही.

त्यांची दृष्टी आशियापुरती मर्यादित राहिली नाही. आशिया आणि पाश्चात्त्य जग यांच्या संबंधांवर त्यांनी १९५८ मध्ये ग्रंथ लिहिला आणि आफ्रिकेतील नवस्वतंत्र देशांवरील त्यांचा ग्रंथ १९६५ मध्ये प्रसिद्ध झाला. वर्णभेदाने पिचलेल्या खंडाकडे एक आशियाई माणूस कसा पाहतो, हे त्यात त्यांनी सांगितले.

घरातील दुःख

मोठ्या माणसांची चरित्रे लिहिताना त्यांच्या घरातील सावल्या झाकण्याचा मोह होतो. पण सत्याची सेवा करणाऱ्याचे जीवन सत्यानेच सांगितले पाहिजे. फ्रँक यांच्या पत्नी बेरील ह्या स्वतः डॉक्टर होत्या. १९३८ साली त्यांना डॉम हा मुलगा झाला. तो लहान असतानाच बेरील यांना गंभीर मानसिक आजाराने ग्रासले. त्या काळी अशा आजारावर प्रभावी उपचार नव्हते आणि समाजात त्याविषयी दयेपेक्षा भीतीच अधिक होती. पुढे डॉम यांनी १९६८ साली प्रसिद्ध केलेल्या आत्मचरित्रात ह्या दुःखाचे हृदयस्पर्शी चित्रण केले आहे.

पत्नीचा आजार, लहान मुलाचे पोरकेपण आणि वृत्तपत्राची कधीही न संपणारी धावपळ ह्या साऱ्यांत कुटुंब विस्कळीत झाले. फ्रँक आणि बेरील एकत्र राहू शकले नाहीत. दिल्लीतील उत्तरायुष्यात मोराएस हे मेरिलिन सिल्व्हरस्टोन ह्या अमेरिकन छायाचित्रकार महिलेसमवेत राहत होते. विवाहाच्या पावित्र्याविषयी ख्रिस्तसभेची शिकवण स्पष्ट आहे आणि ती येथे सौम्य करण्याचे कारण नाही. परंतु कोणाच्या मनावर किती ओझे होते, हे परमेश्वरच जाणतो. न्याय करण्याचा अधिकार आपण त्याच्याकडेच सोपवावा. आपल्या धर्मग्रामातही मानसिक आजाराशी मूकपणे झुंजणारी कुटुंबे आहेत. त्यांच्या दारी आपण कितीदा जातो, हा प्रश्न मात्र ह्या कथेने आपल्याला विचारावा.

पुत्राने पित्याचा शब्दांचा वारसा उचलला. माझगावच्या सेंट मेरीज शाळेत शिकलेला डॉम ऑक्सफर्डला गेला आणि १९५८ साली, वयाच्या विसाव्या वर्षी, आपल्या पहिल्या काव्यसंग्रहासाठी इंग्लंडमधील हॉथॉर्नडन पारितोषिकाचा मानकरी ठरला.

अखेरचा काळ

श्रीमती इंदिरा गांधी यांच्या राजकारणावरही मोराएस यांनी कठोर टीका केली. १९७३ साली त्यांचा अखेरचा महत्त्वाचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. १९२० पासूनच्या भारताचा वृत्तान्त सांगणाऱ्या ह्या ग्रंथाच्या शीर्षकात त्यांनी स्वतःला एका युगाचा साक्षीदार म्हटले. २ मे १९७४ रोजी लंडनमध्ये त्यांचे देहावसान झाले.

त्यानंतर अवघ्या चौदा महिन्यांच्या आत, २५ जून १९७५ रोजी, देशात आणीबाणी जाहीर झाली आणि वृत्तपत्रांवर परिनिरीक्षण लादले गेले. तेव्हा मोराएस यांनी पंधरा वर्षे सांभाळलेल्या 'इंडियन एक्स्प्रेस'ने अग्रलेखाची जागा कोरी सोडून आपला निषेध नोंदविला. तो दिवस पाहण्यास ते हयात नव्हते. पण त्या कोऱ्या जागेमागील परंपरा घडविण्यात त्यांचाही वाटा होता, असे म्हटल्यास ते वावगे ठरणार नाही.

आपल्यासाठी बोध

साक्ष हा शब्द आपणा ख्रिस्ती जनांना परका नाही. प्रभूच्या शिष्यांनी जे पाहिले आणि ऐकले तेच सांगितले. त्याची किंमतही मोजली. पत्रकाराची साक्ष लौकिक स्वरूपाची असते, तरी तिचा पाया तोच आहे. आधी पाहावे, पारखावे आणि मग निर्भयपणे सांगावे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ४ डिसेंबर १९६३ रोजी प्रसारमाध्यमांविषयीचा आदेश प्रसृत केला आणि १९६७ पासून ख्रिस्तसभा दरवर्षी जागतिक प्रसारमाध्यम दिन साजरा करते. पत्रकारांचे आश्रयदाते संत फ्रान्सिस द सेल्स यांच्या सणाला, २४ जानेवारीला, आपण लेखकांसाठी आणि वार्ताहरांसाठी प्रार्थना करतो. ती प्रार्थना आता आपणा सर्वांसाठीही हवी. आज प्रत्येकाच्या हातात मोबाइल आहे आणि प्रत्येक जण दिवसाकाठी कितीतरी बातम्या पुढे ढकलीत असतो. न पाहिलेले, न पारखलेले आणि दुसऱ्या समाजाविषयी द्वेष पसरविणारे वृत्त पुढे पाठविताना आपण साक्षीदार असतो की खोटे साक्षीदार, याचा विचार प्रत्येकाने आपल्या अंतःकरणात करावा.

येत्या २ नोव्हेंबरला शिवडीच्या दफनभूमीत आपल्या आप्तांच्या कबरीपाशी मेणबत्ती लावल्यावर एक क्षण थांबावे. डॉम मोराएस यांच्यासाठी आणि दूर लंडनमध्ये प्राण सोडलेल्या त्यांच्या पित्यासाठी, तसेच दीर्घकाळ आजाराचा क्रूस वाहिलेल्या त्यांच्या मातेसाठी एक प्रार्थना करावी. त्यानंतर दहाच दिवसांनी फ्रँक यांचा जन्मदिन येतो. परमेश्वर त्या सर्वांच्या आत्म्यांस चिरशांती देवो आणि सत्यासाठी लेखणी झिजविणारे युवक-युवती आपल्या धर्मग्रामांतून पुढे येवोत, हीच प्रभूचरणी विनंती.